घडीच्या तिवईचं कुळ

चार पायांच्या स्टुलाखाली कधी ना कधी कागदाची घडी सारावी लागते. तिवईवर ती वेळ येत नाही. कोणत्याही तीन बिंदूंमधून एक सपाट पातळी जातेच, त्यामुळे जमीन कशीही असो, तिचे तिन्ही पाय टेकतात. इजिप्तच्या कारागिरांनी हे फार पूर्वी हेरलं होतं. ते बुटक्या तिपायी बैठकांवर बसून काम करत. पण या बैठका मिटत नसत. मिटणारी बैठक वेगळ्या घराण्यातली, आणि ते घराणं बडं होतं.

दोन चौकटी फुलीसारख्या एकमेकींत अडकवायच्या, मधून खीळ घालायची, वर चामडं ताणायचं, ही त्या घराण्याची रीत. मोहिमेवरच्या माणसाला उचलून नेता येणारं आसन हवं, एवढ्याच गरजेतून ती निघाली असावी. पण लवकरच गरज मागे पडून मान पुढे आला. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात आबनुसाची एक फुलीची बैठक होती. तिचे पाय बदकाच्या चोचींत संपतात आणि बसायच्या जागी हस्तिदंत जडवून बिबट्याच्या कातड्याचे ठिपके उठवलेले आहेत. गंमत म्हणजे ही बैठक मिटतच नाही. कातडं लाकडाचं आणि घडी नुसती दाखवायला! मिटणाऱ्या आसनावर बसणं हाच मान ठरल्यावर ते खरोखर मिटतं का, हे कोण तपासणार?

डेन्मार्कमधली बैठक मात्र अस्सल घडीची. जटलंड भागातल्या गुल्डहॉय या दफनटेकाडात, ओकच्या शवपेटीत, ती १८९१ साली मिळाली. लाकूड अ‍ॅशचं आणि वर पाणमांजराच्या कातड्याचे अवशेष. लाकडाच्या वलयांवरून त्या दफनाचा काळ इ.स.पू. १३८९च्या सुमाराचा ठरतो, म्हणजे तुतनखामेनच्याही आधीचा. पुढे रोममध्ये अशाच फुलीच्या ‘सेला क्युरुलिस’वर कॉन्सल, प्रेटर असे मोजके अधिकारीच बसू शकत.

तीन पाय कारागिराचे आणि घडी सत्ताधीशाची. ही सोयरीक जुळवायची तर अडचण होती सांध्याची.

फुलीच्या बैठकीला सरळ खीळ पुरते, कारण सगळे पाय एकाच अक्षाभोवती फिरतात. तीन काठ्यांतून तशीच खीळ घातली तर त्या पुढेमागे उघडतील, बाजूला फाकणार नाहीत, आणि बसणारा कुशीवर पडेल. इथे तीन दिशांना हात असलेला बोल्ट लागतो. लोहाराकडून तो एकसंध घडवून घेता येतो. सोपी युक्ती अशी की एक लांब बोल्ट दोन पायांतून आरपार न्यायचा आणि त्या दोघांच्या मधोमध त्याच्यावर एक आय बोल्ट, म्हणजे टोकाला कडी असलेला बोल्ट, ओवायचा. आय बोल्टची दांडी तिसऱ्या पायातून बाहेर काढायची आणि नट आवळायचा, तोही बेताने. फार आवळला तर पाय फाकत नाहीत आणि वायसर विसरला तर नट लाकडात रुततो. पाय साधारण ६० सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर जाड. भोक मध्याच्या किंचित वर घेतलं की खालचा पसारा बैठकीपेक्षा मोठा राहतो आणि तिवई कलंडत नाही. मात्र जोर सगळ्यात जास्त येतो तोही त्या भोकापाशीच. म्हणून साग असो वा अ‍ॅश, लाकूड सरळ रेषांचं आणि बिनगाठीचं घ्यावं लागतं.

अशा बोल्टांना चांगले दिवस एकोणिसाव्या शतकात आले. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने लंडनमध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एक ठरावीक माप सुचवलं. त्याच साली, लंडनमध्येच राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने रंगाच्या दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचं पेटंट घेतलं. एकाने बोल्ट-नट बाजारात सहज मिळण्याची वाट मोकळी केली आणि दुसऱ्याने चित्रकारांना स्टुडिओबाहेर काढलं. उघड्यावर चित्र काढायचं तर बसायला काहीतरी हवंच.

दुसरं गिऱ्हाईक ब्रिटिश लष्कर. अधिकाऱ्याचा तंबू म्हणजे मोडून बांधता येणारं घर. रुरकी इथल्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तळाचं नाव मिळालेली सुटी होणारी खुर्ची त्यातलीच. तिच्यावरूनच डॅनिश रचनाकार कोरे क्लिंटने १९३३ साली आपली सफारी खुर्ची बेतली. हे सामान विकणाऱ्या, १८७१ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या आर्मी अँड नेव्ही भांडाराने १८९१ मध्ये मुंबईतही दुकान थाटलं. काळा घोड्याजवळची त्याची इमारत आजही उभी आहे.

चामड्याला लोक निव्वळ गादी समजतात, आणि तिथेच फसतात. माणूस बसला की पायांची कात्री आणखी उघडू पाहते, वरची तिन्ही टोकं एकमेकांपासून पळतात. त्यांना धरून ठेवतं ते चामडं. ते ताणलं गेलं की बैठक खचली. म्हणून ते पाठीकडचं, तीनेक मिलिमीटर जाडीचं आणि झाडपाल्याने कमावलेलं लागतं. पोटाकडचं चामडं सैल पडतं. त्रिकोण कापून त्याच्या कोपऱ्यांना खिसे शिवायचे, तांब्याचे रिव्हेट ठोकायचे, आणि पायांची टोकं त्यांत अडकवायची.

असं चामडं कमावण्यासाठी ब्रिटिश कारखान्यांना हिरडा हिंदुस्थानातून जाई. व्यापारात त्याचे प्रकार बंदरांच्या आणि गावांच्या नावांनी ओळखले जात: भिमलीपट्टण, जबलपूर आणि चक्क वेंगुर्ला. इंग्लंडमध्ये शिवलेल्या एखाद्या तिवईच्या बैठकीत सह्याद्रीतला हिरडा मुरला असेल, तर त्यात नवल नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडंही हिरडा आणि बाभळीच्या सालीनेच कमावतात.

आता बाजारात ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, नायलॉनच्या कापडाची तिवई मिळते. हलकी असते, ट्रेकच्या सॅकला बाहेरून अडकवता येते. सांधा बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा असतो, आणि तो तडकला की तिवई भंगारात. जुन्या तिवईत आधी हार मानतो तो चामड्याचा कोपरा. पायांची टोकं खिशांतून उपसून काढायची, त्याच मापाचं नवं चामडं कापायचं. चपला शिवणाऱ्या कोणत्याही चांगल्या कारागिराला हे जमतं.