बाराच्या ठोक्याला अडकलेला गोलकीपर

या मजकुरातल्या सगळ्या वेळा माद्रिदच्या घड्याळाच्या आहेत. मँचेस्टरचं घड्याळ त्याच्या तासभर मागे, आपलं साडेतीन तास पुढे. माद्रिदमध्ये मध्यरात्र झाली तेव्हा पुण्या-मुंबईत पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि मोबाईल उशाशी घेऊन जागे राहिलेले मँचेस्टर युनायटेडचे आणि रिअल माद्रिदचे चाहते इथेही होते.

रविवार, ३० ऑगस्ट २०१५

युनायटेड स्वॉन्सीत १-२ अशी हरली. गोलमध्ये सर्जिओ रोमेरो होता आणि स्वॉन्सीचा दुसरा गोल, गोमिसचा, अडवता आला असता, असं बहुतेकांचं मत पडलं. क्लबचा पहिल्या क्रमांकाचा गोलकीपर डेव्हिड डे हेया हंगामाच्या पहिल्या दिवसापासून संघाबाहेर होता. तो जखमी नव्हता. त्याचं मन ठिकाणावर नाही, असं प्रशिक्षक लुईस व्हॅन गाल यांचं म्हणणं होतं.

मन कुठे होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं: रिअल माद्रिदमध्ये. डे हेया जन्माने माद्रिदचा. २०११ मध्ये तो अॅटलेटिको माद्रिदमधून मँचेस्टरला आला आणि त्याचा करार जून २०१६ ला संपत होता. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या क्लबात फुकट जाऊ शकतो, हा १९९५ च्या बोस्मन निकालाचा नियम. त्यामुळे कराराचं शेवटचं वर्ष लागलं की फुटबॉलचा चाहता हिशेबनीस होतो. आत्ता विकला तर किती, जानेवारीत किती, पुढच्या उन्हाळ्यात शून्य. त्या उन्हाळ्यात युनायटेडच्या चाहत्यांत सरळ दोन तट होते. एक म्हणे, मिळतील ते पैसे घ्या आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणे, गोलकीपर हवा तर तुमचा बचावपटू सर्जिओ रामोस द्या. रामोस येणार ही जून-जुलैतली सगळ्यात चवीने चघळलेली अफवा होती. १७ ऑगस्टला रामोसने माद्रिदशीच २०२० पर्यंतचा करार केला आणि दुसऱ्या तटाची हवा गेली.

इकडे माद्रिदने जुलैत इकर कॅसियासला पोर्तोला जाऊ दिलं होतं. म्हणजे गोलकीपरची जागा मोकळी करून ठेवली, पण नव्यासाठी गाठ सोडायची घाई केली नाही. पुढच्या वर्षी तो फुकटच मिळणार, हा माद्रिदचा हिशेब. तुम्हाला तो आत्ता हवाय ना, मग या आमच्या दारात, हा युनायटेडचा. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर होते. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

सोमवार, ३१ ऑगस्ट, सकाळ

इथून पुढचं आपल्याला कळतं ते दोन निवेदनांमधून. दोन्ही क्लबांनी दुसऱ्या दिवशी मिनिटामिनिटाचा हिशेब जाहीर केला, आणि तो एकमेकांच्या तोंडावर फेकण्यासाठीच केला. माद्रिद म्हणतं, युनायटेडने सोमवारी सकाळपर्यंत बोलणीच सुरू केली नाहीत. युनायटेड म्हणतं, आम्हाला तो विकायचाच नव्हता आणि सोमवारी दुपारच्या जेवणाच्या सुमाराला पहिली ऑफर आली. बातम्यांमधला आकडा होता २ कोटी ९० लाख पौंडांचा. शिवाय माद्रिदचा गोलकीपर केलोर नवास मँचेस्टरला जाणार होता. दोन्ही सौदे एकमेकांत बांधलेले होते. एक तुटला की दुसरा तुटणार.

नवासला या सगळ्यात फार कोणी विचारात घेतलं नाही. २०१४ च्या विश्वचषकात कोस्टारिकाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारा हा गोलकीपर त्यानंतर लेव्हान्तेमधून माद्रिदला आला आणि वर्षभर कॅसियासच्या मागे बसला. दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, त्याने बेतिसविरुद्ध पेनल्टी अडवली होती. माद्रिद ती मॅच ५-० जिंकली. सोमवारी तो दुसऱ्याच्या सौद्यातली सुटी रक्कम झाला.

स्पेनची ट्रान्सफर विंडो त्याच रात्री बाराला बंद होणार होती. इंग्लंडची दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडी होती. म्हणजे घाई माद्रिदला होती, युनायटेडला तेवढी नव्हती. घोळाचं मूळ शोधायचं तर मी इथेच शोधेन.

१३:३९

माद्रिदने दोन्ही खेळाडूंच्या ट्रान्सफरचे करार मँचेस्टरला पाठवले. हातात दहा तास एकवीस मिनिटं होती. एवढ्या वेळात असे दोन सौदे आरामात होतात.

२१:४३

युनायटेडचे शेरे मारलेले कागद माद्रिदला पोचले. युनायटेडचं घड्याळ म्हणतं २१:४२. एका मिनिटाचा फरक सोडला तर इथे दोन्ही निवेदनं जुळतात, आणि पुढे झालेल्या भांडणात हे कोणी लक्षातच घेतलं नाही. कागद दुपारी निघाले आणि रात्री परतले. मधले आठ तास ते मँचेस्टरमध्ये होते. वकील काय तपासत होते, नवासच्या पगाराचं काय चाललं होतं, हे युनायटेडच्या निवेदनात नाही. आठ तासांबद्दल त्यात एक ओळसुद्धा नाही.

माद्रिदचं म्हणणं, आम्ही ते शेरे लगेच मान्य केले.

२३:३२

लगेच म्हणजे किती, तर एक तास एकोणपन्नास मिनिटांनी अंतिम कागद मँचेस्टरला गेले. ही वेळ दोन्ही क्लबांच्या निवेदनात तंतोतंत सारखी आहे. फक्त माद्रिद म्हणतं आम्ही सहीसाठी करार पाठवला आणि युनायटेड म्हणतं आलेल्या कागदांत सहीचं पानच नव्हतं. माद्रिदच्या निवेदनात या पावणेदोन तासांचा खुलासा नाही. दोघांनीही स्वतःचा उशीर गाळला आणि दुसऱ्याचा मोजला.

२३:४०

युनायटेडच्या म्हणण्यानुसार याच वेळी माद्रिदकडून कागदपत्रांत मोठे बदल आले. विंडो बंद व्हायला वीस मिनिटं.

२३:५३ ते २३:५५

माद्रिदच्या मते २३:५३ ला कुठे युनायटेडचं नवासच्या प्रतिनिधींशी जमलं आणि त्याचे कागद सहीला गेले. युनायटेडच्या मते २३:५५ ला डे हेयाचे आवश्यक कागद हातात आले, नवासचे तोवरही आलेले नव्हते.

आता काय व्हायला हवं होतं ते सांगतो. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन यंत्रणेतून होते. २०१० पासून ती सक्तीची आहे. विकणारा आणि घेणारा, दोघांनीही तीच माहिती वेगवेगळी भरायची आणि ती जुळली तरच पुढे सरकायचं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसंच. त्यातून माद्रिदला स्पॅनिश लीगकडे खेळाडूची नोंदणीही त्याच मुदतीत करायची होती.

या रात्रीची गोष्ट सांगताना लोक हटकून फॅक्स मशीनचं नाव घेतात. दोन्ही निवेदनांत फॅक्स बिघडल्याचा उल्लेख नाही. बिघडलेलं यंत्र ऐकायला मजेशीर वाटतं आणि कोणालाच जबाबदार धरावं लागत नाही, म्हणून ते टिकलं असावं.

२३:५८

युनायटेड: आम्ही सही केलेला करार परत पाठवला, टीएमएसवर चढवला, आणि तो मुदतीआधी स्वीकारला गेला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननेही हे मान्य केलं, असं युनायटेडने लिहिलं आहे.

००:००

माद्रिद: युनायटेडने डे हेयाची माहिती टीएमएसवर भरली ती बाराच्या ठोक्याला. नवासची भरलीच नाही.

००:०२

सही केलेले करार माद्रिदला मिळाले. त्यांनी टीएमएस उघडून पाहिलं तर ते बंद झालेलं होतं.

दुपारपासून हललेल्या कागदांत दोन्ही क्लबांची घड्याळं खऱ्या अर्थाने वेगळी बोलतात ती याच चार मिनिटांत. पुढे आठवडाभर सगळे याच चार मिनिटांवर भांडले. दुपारचे आठ तास आणि रात्रीचे पावणेदोन तास कोणाच्या तोंडी नव्हते.

००:२६

माद्रिदच्या म्हणण्यानुसार टीएमएसकडून माहिती भरण्याचं आमंत्रण आलं, कारण इंग्लंडची विंडो अजून उघडी होती. मुदत टळल्याचं कळत असूनही त्यांनी कागद स्पॅनिश लीगकडे पाठवून दिले. उपयोग झाला नाही. फिफाकडे दाद मागायची तर आमचे वेळ नोंदवलेले कागद घ्या, असं युनायटेडने सुचवलं. माद्रिदने तो रस्ता धरला नाही. धरूनही काही झालं असतं का, याची मला शंका आहे. दोन वर्षांनी एड्रिएन सिल्व्हाला लेस्टरने पोर्तुगालमधून विकत घेतलं तेव्हा कागद १४ सेकंद उशिरा गेले. फिफाने नोंदणी नाकारली आणि तो जानेवारीपर्यंत खेळू शकला नाही.

नंतर

चाहत्यांनी आपापल्या क्लबाची बाजू घेतली, ते त्यांचं कामच आहे. माझ्यापुरता निकाल असा: युनायटेडचा दोष वेळेने मोठा, माद्रिदचा दोष परिणामाने मोठा. मुदत माद्रिदची होती. ज्याचं दार बंद होणार आहे त्याने शेवटच्या दिवसाच्या सकाळपर्यंत थांबू नये, आणि रात्री पावणेदहाला आलेले कागद साडेअकरापर्यंत ठेवून घेऊ नयेत.

डे हेयाने ११ सप्टेंबरला युनायटेडशीच चार वर्षांचा नवा करार केला आणि दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलविरुद्ध गोलमध्ये उभा राहिला. युनायटेड ३-१ जिंकली. सुटी रक्कम ठरलेला नवास माद्रिदचा पहिला गोलकीपर झाला आणि त्याने २०१६, २०१७, २०१८ अशा सलग तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. डे हेयाला ती ट्रॉफी कधीच मिळाली नाही. तो युनायटेडसाठी एकूण ५४५ सामने खेळला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात करार संपल्यावर निघून गेला. त्याच्या बदल्यात क्लबाला एक पौंडही मिळाला नाही.