गोणपाटापासून मोबाईलपर्यंत : आपली शाळा, आपलं गाणं

चार माणसं एकत्र बसली की जुनं-नवं हा विषय निघतोच. म्हातारी माणसं म्हणतात, "आमच्या वेळी असं नव्हतं." पोरं म्हणतात, "तुमचा काळ गेला आता." दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण आपल्या समाजाला 'जुनं ते सोनं' ही म्हण सरसकट लावता येत नाही. ज्या जुन्या काळात आपल्याला पाणवठ्यावर जागा नव्हती आणि शाळेच्या वर्गातही नव्हती, त्या काळाला सोनं कसं म्हणायचं? म्हणून जुन्यातलं काय टाकलं, काय राखलं आणि नव्याच्या गडबडीत काय हातातून निसटतंय, हा हिशेब आपला आपणच मांडायला हवा. इथे तो शाळा आणि गाणं या दोन गोष्टींपुरता मांडतो.

आधी शाळा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत सुभेदार रामजींच्या मुलाचं नाव दाखल झालं. हा मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब. त्या शाळेत त्यांना बसायला वेगळं गोणपाट होतं. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, तेव्हा पाणी. शिपाई नाही तर पाणीही नाही. पुढे संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. लष्करातल्या सुभेदाराच्या मुलाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या पोरांची काय असेल? ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले, असं कागदावर आलं. पण कागद गावापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पोचला तरी तो वाचणार कोण?

इथेच आपलं गाणं कामाला आलं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. त्याच वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी पुढे 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तकही लिहून ठेवलं. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज ही वाद्यं तमाशातलीच. गडी माणसंच लुगडं नेसून बाईची सोंगं करायची, तेही जुनंच. पण आतला माल बदलला. गवळण गेली, राजाराणीचा वग गेला. त्याजागी सावकार, वतनदार, दारूडा, पोराला शाळेत न घालणारा बाप आणि त्याला जाब विचारणारा शिकलेला तरुण अशी पात्रं आली. लोक पोट धरून हसायचे, आणि हसता हसता मेलेल्या जनावराचं मांस का सोडायचं, पोरगी शाळेत का घालायची हे ऐकून घरी जायचे. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण अजून सांगितली जाते. सभेतलं भाषण सगळ्यांनाच समजेल असं नाही, जलसा मात्र समजायचाच. ज्यांच्यासाठी शाळेचं दार बंद होतं, त्यांची शाळा रात्री चावडीपुढे गॅसबत्तीच्या उजेडात भरायची.

आणि आयाबायांची शाळा? ती पहाटे जात्यावर भरायची. दळता दळता बाया ओव्या म्हणायच्या. त्यात सीतेचं, भावाचं, सासुरवासाचं दुःख होतंच, पुढे भीमरायही त्यात आला. या बायांना कुणी कवी म्हटलं नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले. ते चांगलंच झालं. जातं परत आणा असं कुणी म्हणणार नाही. पण ओवी लिहून घेतली नसती तर जात्याबरोबर तीही गेली असती.

शाळा आणि गाणं यांचं नातं पाहायचं तर वामनदादा कर्डकांकडे पाहावं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा, १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत आला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून द्या म्हणून हातात दिलं आणि ते वाचता आलं नाही. ते मनाला लागलं. मग मोठ्या वयात, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षरं शिकले, आणि पुढे त्याच हाताने हजारो गाणी लिहिली. २००४ साली ते गेले, पण आज एकही जयंती त्यांच्या गाण्याशिवाय होत नाही.

मग दिवस पालटले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय निघालं, तेच पुढे मिलिंद. गोणपाटावर बसलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्यांच्या पोरांसाठी बाकं मांडली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि घराघरातली संस्कृतीच बदलली. लग्नात मंगलाष्टकांच्या जागी त्रिसरण-पंचशील आलं. ज्यांना संस्कृत नाकारलं होतं, त्यांची लेकरं पाली गाथा तोंडपाठ म्हणू लागली! पुढे १९७८ ते १९९४ या काळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी जो लढा झाला, तो एका विद्येच्या मंदिराच्या नावासाठीचा लढा होता, आणि तोही गाण्यांनीच गावोगाव पोचवला.

त्याच सुमारास गाण्याचं रूपही बदललं. आधी कव्वालीचे सामने आले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांसाठी लोक रात्र रात्र जागत. मग ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर आणि कॅसेट आली. गाणं स्वस्त झालं, घरात आलं. चूल सोडून रात्री बाहेर पडता न येणाऱ्या बाईलाही ते ऐकायला मिळालं. हा मोठा फायदा. पण रात्रभराचा जलसा कॅसेटच्या दोन बाजूंत बसवला, तेव्हा गाणी राहिली आणि मधले सवाल-जवाब गळून पडले. शाहिराला मध्येच थांबवून "म्हणजे काय हो?" असं विचारता यायचं, ते कॅसेटला कसं विचारणार?

आज तर काय, गाणं खिशात आहे. मोबाईलवर बोट ठेवलं की जुना आवाज ऐकू येतो. आपल्या मुली स्वतः गाणी लिहितात, गातात, जगाला ऐकवतात. याचा अभिमान वाटतो. पण जयंतीला डीजेच्या भिंतीपुढे उभं राहिलं की छाती धडधडते आणि शब्द एकही कळत नाही. ज्या गाण्याने आपल्याला विचार दिला त्याचे शब्दच ऐकू येईनात, तर उरला तो नुसता आवाज. शाळेचंही तसंच. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला. आता गोणपाट नाही. तरी १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या आत्महत्येची बातमी आली, तेव्हा कळलं की गोणपाट गेलं तरी वेगळं बसवणारी नजर अजून गेलेली नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे. कितीतरी घरांत आजोबांची गाण्यांची वही ट्रंकेत पडून आहे. नातू इंग्रजी शाळेत जातो, शिकतो, फार चांगलं. पण ती वही त्याला अडखळत वाचावी लागते. वामनदादांना दुसऱ्याचं पत्र वाचता आलं नव्हतं, आणि आज शिकलेल्या नातवाला आपल्याच आजोबांचं अक्षर वाचता येत नाही, ही गोष्ट आपण चालू द्यायची का?

बंधू-भगिनींनो, विहाराच्या वर्धापनदिनी एवढंच ठरवू या. महिन्यातला एक रविवार विहारात गाण्याचा वर्ग भरवू. एक म्हातारं माणूस गाईल, एक पोरगं मोबाईलवर ते रेकॉर्ड करील, आणि दुसरं वहीत उतरवून घेईल. गाणं कुणाचं, कुठल्या गावचं, कधीचं, तेही लिहायचं. मग त्या गाण्याचा अर्थ पोरांनी विचारायचा आणि मोठ्यांनी सांगायचा. यात खर्च काही नाही. डीजे लावायचा तर लावा, पण आधी अर्धा तास डफावर एक गाणं होऊ द्या, शब्द कळतील असं.

पूर्वी शाळा नव्हती तेव्हा गाण्याने आपल्याला शाळेपर्यंत नेलं. आता शिकलेल्या पोरांनी त्या गाण्याला पुढच्या पिढीपर्यंत न्यावं. एवढी परतफेड तरी आपण करायलाच हवी.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!