रॉबर्ट स्मॉल्स : जहाजाच्या सुकाणूवरून विधिमंडळाच्या बाकावर

१३ मे १८६२. अमेरिकेतील यादवी युद्धाचे दुसरे वर्ष. दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन बंदरातून भल्या पहाटे 'प्लँटर' ही लष्करी आगबोट निघाली. तिचे तिन्ही गोरे अधिकारी नियम मोडून रात्री घरी झोपायला गेले होते. बोट चालवीत होता २३ वर्षांचा एक गुलाम, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून. फोर्ट समटरच्या तोफांसमोर त्याने ठरलेली शिटी दिली आणि पहाऱ्याने बोट जाऊ दिली. तोफांचा टप्पा ओलांडताच बोटीवर पांढरी चादर चढली. उत्तरेच्या आरमाराच्या हाती त्या पहाटे सहा तोफा, गुप्त संकेतांचे पुस्तक आणि बायकामुलांसह सोळा मुक्त माणसे आली.

रॉबर्ट स्मॉल्स यांची ही कथा अनेकांनी वाचलेली असते, आणि बहुधा ती इथेच संपते. या थ्रेडचा विषय त्या पहाटेनंतरची ५३ वर्षे हा आहे. त्यांतही विशेषतः राज्याच्या विधिमंडळात गेलेली वर्षे, कारण बोट पळवणाऱ्या या माणसाने तिथे जे मागितले ते अधिक धाडसाचे होते.

स्मॉल्स यांचा जन्म १८३९ चा, ब्यूफर्ट गावातला, हेन्री मॅकी या मालकाच्या घरामागच्या खोलीतला. बाराव्या वर्षी त्यांना चार्ल्सटनला मजुरीस पाठवण्यात आले. कमाई मालकाची, त्यातला आठवड्याला एक डॉलर त्यांचा. पुढे पत्नी हॅना आणि मुलगी यांना विकत घेण्यासाठी त्यांच्या मालकाने ८०० डॉलर मागितले. स्मॉल्स यांच्याजवळ जेमतेम १०० होते. बोट पळवण्यामागे देशभक्तीइतकाच हा हिशेबही होता, हे विसरता कामा नये.

सुटकेनंतर ते उत्तरेच्या बाजूने लढले. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनवरील हल्ल्यात 'कीओकक' या चिलखती नौकेचे ते पायलट होते. सुमारे ९० गोळे झेलून ती दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'प्लँटर'वर भडिमार सुरू होताच तिचा गोरा कप्तान कोळशाच्या कोठीत जाऊन लपला. स्मॉल्स यांनी बोट सुखरूप बाहेर काढली आणि तिचे कप्तानपद त्यांना मिळाले. मात्र आरमाराची रीतसर सनद त्यांना कधीच दिली गेली नव्हती. निवृत्त अधिकाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव घालण्याचा १८८३ मधला प्रयत्न या कारणावर फसला. निवृत्तिवेतन मंजूर व्हायला १८९७ उजाडले. तोफेपुढे उभे राहताना सनद कोणी विचारली नव्हती, पेन्शनच्या वेळी मात्र ती आठवली.

१८६४ मध्ये बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला होती. तोवर स्मॉल्स यांना धड वाचताही येत नव्हते. दक्षिण कॅरोलायनात गुलामाला लिहायवाचायला शिकवणे १८३४ च्या कायद्याने गुन्हा ठरले होते. पंचविशीतल्या या कप्तानाने शिक्षक ठेवले आणि मुळाक्षरांपासून सुरुवात केली. याच शहरात एका पावसाळी दिवशी त्यांना ट्रामच्या आतल्या बाकावरून उठून बाहेरच्या फलाटावर उभे राहण्यास सांगण्यात आले. ते उतरले आणि पायी गेले. या अपमानाची मोठी चर्चा झाली. १८६७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने ट्राममधील वर्णभेद कायद्याने बंद केला, त्या मोहिमेत हे उदाहरण वारंवार दिले गेले.

युद्धानंतर स्मॉल्स ब्यूफर्टला परतले ते थेट मॅकींच्या घरात. थकलेल्या करापोटी लिलावात निघालेले ते घर त्यांनी विकत घेतले होते. मॅकींनी युद्धापूर्वीच ते ज्यांना विकले होते, त्या डी ट्रेव्हिल कुटुंबाने दावा लावला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८७८ मध्ये निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. ज्या घराच्या मागच्या खोलीत जन्म झाला त्याचा पुढचा दरवाजा आता त्यांचा होता. पण त्याआधी, १८६७ मध्ये, त्यांनी गावात आणखी एक दुमजली इमारत घेतली होती. ती कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी.

जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्सटनला राज्याची नवी संविधान सभा भरली. १२४ प्रतिनिधींत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. अमेरिकेने तोवर असे दृश्य पाहिले नव्हते. ब्यूफर्टचे प्रतिनिधी म्हणून स्मॉल्स यांनी ठराव मांडला, तो सार्वजनिक, मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा. त्यापूर्वी राज्यात गरिबांसाठी तुटपुंज्या 'मोफत शाळा' होत्या; त्या गोऱ्यांच्या, आणि स्वाभिमानी गोरा गरीबही तिथे मूल घालायला लाजे. नव्या संविधानाने सार्वजनिक पैशावरच्या शाळा वर्ण न पाहता सर्व मुलांसाठी खुल्या ठेवल्या आणि ६ ते १६ वयोगटातील मुलांना किमान २४ महिन्यांची हजेरी सक्तीची केली. हजेरीची सक्ती बराच काळ कागदावरच राहिली. शाळा मात्र उभ्या राहिल्या, आणि त्यांत गोऱ्या गरिबांची मुलेही बसली.

इथे पुण्याची आठवण येणे अपरिहार्य आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले. त्या वेळी स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये बसत होते. नऊ वर्षांनी हंटर आयोगापुढे फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्याला अक्षर नाकारले गेले त्याने सत्तेकडे पहिली मागणी अक्षराचीच करावी, हा योगायोग म्हणता येत नाही.

स्मॉल्स १८६८ ते १८७० राज्याच्या कनिष्ठ सभागृहात आणि १८७० ते १८७४ सिनेटमध्ये होते. कर्जबाजारी कुटुंबाचे राहते घर जप्तीतून वाचवणारा कायदा आणि नागरी हक्कांचे विधेयक यांसाठी ते झटले. राज्याच्या मिलिशियात ते मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १८७६ मध्ये कॉम्बाही नदीकाठच्या भातशेतीवरील मजुरांनी संप केला. मालक मजुरी म्हणून रोख पैसे न देता स्वतःच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या देत. आपल्याकडच्या सावकारी खात्याची कूळकथा माहीत असणाऱ्यांना ही रीत नवी वाटणार नाही. राज्यपालांनी स्मॉल्स यांना पाठवले. त्यांनी बळ न वापरता जमावाशी बोलणी केली, ज्यांच्यावर वॉरंट होते त्यांना समजावून ब्यूफर्टच्या न्यायाधिकाऱ्यापुढे नेले, आणि तिथे आरोप टिकले नाहीत.

त्याच वर्षी 'रेड शर्ट्स' या सशस्त्र टोळ्यांच्या दहशतीत निवडणूक झाली आणि राज्य जुन्या मालकवर्गाच्या हाती गेले. स्मॉल्स तोवर वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसचे सदस्य झाले होते. १८७७ मध्ये त्यांच्यावर सिनेटमधील काळातला, सरकारी छपाईच्या कंत्राटासाठी ५,००० डॉलरची लाच घेतल्याचा खटला चालला आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या विधिमंडळात छपाईच्या नावाखाली लूट झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र स्मॉल्स यांच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार त्या लुटीत स्वतःच आकंठ बुडालेला होता आणि खटला भरणाऱ्यांना त्यांची काँग्रेसची जागा खुपत होती. १८७९ मध्ये राज्यपाल सिम्प्सन यांनी त्यांना माफी दिली, ती सौद्याचा भाग म्हणून. बदल्यात निवडणूक गैरप्रकारांबद्दल डेमोक्रॅट पुढाऱ्यांवर असलेले संघराज्याचे खटले मागे घेतले गेले. माफीने तुरुंग टळला, डाग पुसला गेला नाही.

१८९५ मध्ये संविधान पुन्हा लिहिण्यासाठी कोलंबियाला नवी सभा बसली. बेन टिलमन हे तिचे सूत्रधार. कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणे हा हेतू त्यांनी लपवलाही नाही. १६० प्रतिनिधींत कृष्णवर्णीय सहा, त्यांपैकी पाच ब्यूफर्टचे. १८६८ च्या सभेत बसलेले स्मॉल्स आता ५६ वर्षांचे होते.

मतदारासाठी अटी आल्या : दोन वर्षांचा रहिवास, मतदार कर, संविधानाचा उतारा वाचून-लिहून दाखवणे किंवा ३०० डॉलरची मालमत्ता. १८९८ पर्यंत उतारा ऐकून 'समजला' तरी चाले. समजला की नाही हे नोंदणी अधिकारी ठरवणार, म्हणजे निरक्षर गोऱ्यासाठी दार उघडे. मताधिकार गमावण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत चोरी आणि पत्नीला मारहाण होती, खून नव्हता. शाळा राहिल्या, पण गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या कायद्यानेच वेगळ्या झाल्या. १८३४ च्या कायद्याने ज्यांची अक्षरे हिरावली, त्यांचीच आता अक्षरपरीक्षा घेतली जाणार होती.

मिश्रविवाहबंदीचे कलम आले तेव्हा स्मॉल्स यांनी दुरुस्ती सुचवली : कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला सरकारी पद मिळू नये आणि त्या संबंधातील मुलांना बापाचे नाव व वारसा मिळावा. सभागृह अस्वस्थ झाले. दुरुस्ती फेटाळली गेली.

शेवटी सह्यांची वेळ आली. सही न करणाऱ्याचे भत्ते आणि प्रवासखर्च रोखण्याची भाषा झाली, तेव्हा स्मॉल्स यांनी सांगितले की सही करण्यापेक्षा ते ब्यूफर्टपर्यंत चालत जाणे पसंत करतील.

पुढे १९१३ पर्यंत ते ब्यूफर्ट बंदराचे जकात अधिकारी होते. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी मॅकींच्या त्याच घरात त्यांचे निधन झाले. १८९५ चे ते संविधान, असंख्य दुरुस्त्यांसह, दक्षिण कॅरोलायनात आजही लागू आहे. त्यावर रॉबर्ट स्मॉल्स यांची सही नाही.