शहाजीराजांच्या चाकऱ्या आणि आजचे पक्षांतर

एखाद्या लोकप्रतिनिधीने पक्ष बदलला आणि त्याच्या विश्वासार्हतेविषयी चर्चा सुरू झाली, की कोणीतरी इतिहासाचा दाखला देतो : ‘शहाजीराजांनी तरी किती दरबार बदलले?’ हा प्रश्न बहुधा समोरच्याला निरुत्तर करण्यासाठी विचारलेला असतो. तरीही त्याचे उत्तर नीट शोधावयास हवे. कारण त्या उत्तरातून निष्ठा म्हणजे काय आणि ती कोणाशी, याविषयीच्या आपल्या गोंधळावर थोडा प्रकाश पडतो.

प्रथम घटनाक्रम पाहू. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने मोगल व आदिलशाही फौजांचा एकत्रित पराभव केला. शहाजीराजे तेव्हा निजामशाहीकडून लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले. पुढे अंबरशी बिनसल्यामुळे १६२५च्या सुमारास ते आदिलशाहीत गेले. १६२६ मध्ये मलिक अंबर आणि १६२७ मध्ये इब्राहिम आदिलशहा मरण पावल्यावर ते निजामशाहीत परतले. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांची मुलांसह हत्या झाली, तेव्हा त्यांनी निजामशाही सोडली आणि १६३०च्या अखेरीस मोगलांची पंचहजारी मनसब स्वीकारली. त्यांना दिलेले काही महाल शहाजहानने मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याच्याकडे वळवले, तेव्हा १६३२ मध्ये त्यांनी मोगलांनाही रामराम ठोकला. १६३३ मध्ये पेमगिरी येथे निजामशाही घराण्यातील एका अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून ते सुमारे तीन वर्षे मोगलांशी झुंजले. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही यांच्यात तह झाला, माहुलीला वेढा पडला. बाल निजामशहाला स्वाधीन करून शहाजीराजांना आदिलशाहीची चाकरी पत्करावी लागली.

म्हणजे अकरा-बारा वर्षांत पाच स्थित्यंतरे. एवढ्यावर थांबले, तर दाखला देणाऱ्याचे म्हणणे खरे वाटेल. परंतु हिशेब येथे संपत नाही. १६३६ पासून १६६४ मध्ये होदिगेरे येथे मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, ते आदिलशाहीतच राहिले. १६४८ साली जिंजीजवळ त्यांना कैद झाली आणि सुटकेसाठी १६४९ मध्ये कोंढाणा व बंगळूर सोडावे लागले. दरबार सोडण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकले असते? तरीही त्यांनी तो सोडला नाही. आधीच्या धामधुमीत स्वभावातील चंचलपणापेक्षा कोसळणाऱ्या निजामशाहीचा वाटा मोठा होता, असेच यावरून म्हणावे लागते.

दुसरा मुद्दा कराराच्या स्वरूपाचा. सतराव्या शतकातील सरदार आणि सुलतान यांचे नाते परस्परांच्या गरजेवर उभे होते. सरदाराने फौज बाळगून चाकरी करावी, सुलतानाने जहागीर व सन्मान द्यावा. दरबारात बोलावून जाधवरावांसारख्या मातब्बर सरदाराचा खून करणाऱ्या धन्याने त्या कराराची आपली बाजू आधीच मोडली होती. दिलेले महाल काढून घेणाऱ्या शहाजहानचेही तेच. शहाजीराजांच्या मागे आलेले स्वार त्यांचे पाईक होते. कोणा मतदाराने त्यांना अमुक निशाणाखाली लढण्यासाठी निवडून दिलेले नव्हते. आजच्या आमदाराजवळील संख्याबळ मात्र त्याच्या मालकीचे नसते. ते मतदाराने एका चिन्हावर, एका जाहीरनाम्यावर सोपवलेली ठेव असते. त्यामुळे सरदाराच्या चाकरीबदलाची सबब प्रतिनिधीला लागू पडत नाही.

तथापि शहाजीराजांचा बचाव करताना एक बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दरबारांच्या या अदलाबदलीची किंमत रयतेने मोजली. १६३०च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे जाळले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे तेथे गाढवाचा नांगर फिरवला. त्याच वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. आणि त्याच मुरारपंतांचा पाठिंबा १६३३ मध्ये शहाजीराजांना पेमगिरीच्या उद्योगात लाभला! दोन सरदारांमधील वैर तीन वर्षांत मिटले. ज्यांची घरे जळली त्यांना या समेटात कोणी विचारले नाही. वरच्यांच्या निष्ठा बदलतात तेव्हा खालच्यांची संमती कोणी घेत नाही, ही गोष्ट मात्र त्या काळातून आजपर्यंत फारशी बदललेली नाही.

लोकशाहीत हे बदलावे म्हणूनच कायदा आला. १९६७ साली हरियाणातील गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरास अपात्रतेची शिक्षा ठेवली, पण एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मोकळीक दिली. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र ठेवली. कायदा डोकी मोजतो. एकटा गेला तर गुन्हा आणि पुरेसे जण मिळून गेले तर सवलत, ही विभागणी सरदारी काळातील माणसालाही समजली असती, कारण तेव्हाही मोल होते ते बरोबर येणाऱ्या घोड्यांचेच.

मग विश्वासार्हता मोजावी कशी? मला तीन प्रश्न उपयोगाचे वाटतात. आधी करार कोणी मोडला? बदलामुळे त्या माणसाने काय गमावले? आणि ज्यांच्या जोरावर तो गेला, त्यांना त्याने विचारले काय? पहिल्या दोन प्रश्नांना शहाजीराजांजवळ उत्तर आहे. तिसऱ्यापुढे त्यांचा काळच मुका आहे. आजच्या प्रतिनिधीला तिसरा प्रश्न टाळण्याची सोय नाही : राजीनामा देऊन पुन्हा मतदारासमोर उभे राहण्याचा मार्ग त्याला उपलब्ध आहे. तो मार्ग असताना जो शहाजीराजांच्या नावाआड उभा राहतो, त्याने निदान त्यांची शेवटची अठ्ठावीस वर्षेही आठवावीत.