न खेळलेला अंतिम सामना

खेळलेल्या सामन्यांच्या नोंदी सगळीकडे सापडतात. न खेळलेल्यांची बाजू क्वचितच लिहिली जाते. छत्रपती संभाजीनगरात इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना १९७४च्या डेव्हिस चषकाची हकिगत आवर्जून सांगत असे. अन्यायी राजवटीच्या देशाशी खेळावे का, हा प्रश्न तिच्यात अगदी नेमका उभा राहतो.

त्या वर्षी भारताने कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले, मग पुण्यात सोव्हिएत संघावर ३-१ असा विजय मिळवला. विजय आणि आनंद अमृतराज हे बंधू ऐन भरात होते. अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका आली आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने खेळण्यास नकार दिला. एकही चेंडू न टाकता चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारताला तो आजवर जिंकता आलेला नाही.

“सर, यात खेळाडूंचा काय दोष?” हा प्रश्न वर्गात हमखास यायचा. तो रास्त आहे. निर्णय सरकारी पातळीवरचा होता, किंमत मात्र खेळाडूंनी मोजली. पण ‘खेळात राजकारण आणू नका’ हा आक्षेप मला इथे पटत नाही. कातडीचा रंग पाहून संघ निवडणाऱ्या देशाने ते आधीच मैदानात आणले होते. १९६८मध्ये इंग्लंडच्या संघात बेसिल डॉलिव्हेरा आहेत म्हणून त्या देशाने दौरा होऊ दिला नाही. १९७०मध्ये ऑलिंपिक चळवळीतून त्याची हकालपट्टी झाली. शिवाय बहिष्काराची मागणी ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याकडूनच आली होती. भारतानेही ही भूमिका ऐनवेळी घेतली नव्हती. १९४६मध्येच त्याने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता.

तरीही दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपले अंगण पाहावे लागते. फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर दलित होते. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२०च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी त्यांना वगळले गेले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही कर्णधारपद नाकारले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली. अखेर बाळूंना उपकर्णधार करून परत आणावे लागले आणि १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

हा बहिष्कार मला १९७४च्या बहिष्काराहून मोठा वाटतो. इथे ज्यांनी नकार दिला, त्यांनीच त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली होती.

१० नोव्हेंबर १९९१ रोजी दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला. वर्णभेदाचे कायदे मोडीत निघू लागल्यावर सर्वांत आधी त्याचे स्वागत करणारा देश भारतच होता. म्हणून क्रीडा संघटनांनी तीन गोष्टी तपासाव्यात, असे मला वाटते: अन्याय खेळाच्या निवडीपर्यंत पोहोचला आहे का, पीडितांचीच ती मागणी आहे का, आणि अन्याय थांबल्यावर परतीचे दार उघडे राहील का? पण त्याआधी आपल्या मैदानावर चहाचे भांडे कोणाला वेगळे मिळते, हे पाहिलेले बरे.