बाल्टिमोरची पदवी, जामखेडची शाळा

मार्च १८८६. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात पदवीदान समारंभ होता आणि त्यासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्या दिवशी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. एकविसावं वर्ष पुरं व्हायला अजून काही दिवस होते. प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत पाश्चात्त्य वैद्यक शिकत असताना त्यांनी लिहायला घेतलं ते आपल्याकडच्या ग्रंथांतलं आणि परंपरेतलं बाळंतपण. हा विषय त्यांना परका नव्हता. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि दहा दिवसांत तो गेला होता.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला आणि ते काम राहिलं. काही वर्षांनी रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरतेच्या दवाखान्यात रुजू झाल्या. परदेशी शिकायचं, परत येऊन दवाखाना चालवायचा आणि रोग्याने दारात यायचं, ही वाट पुढे अनेकांनी धरली. जे रोगी दारापर्यंत पोचतच नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मागे राहिला.

तो प्रश्न राहुरीत वाढलेल्या रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी मेबल यांना छळत होता. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. साठच्या दशकात नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांना दिसलं, की बरी होऊन गेलेली बाई काही महिन्यांनी त्याच आजारासाठी परत येते. पाणी तेच, उपास तेच, बाळंतपणाची रीत तीच. मग ती बरी कशी राहणार? पुढे दोघं अमेरिकेला गेले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे त्यांचे गुरू होते कार्ल टेलर. मसुरीत जन्मलेला हा मिशनऱ्यांचा मुलगा पंजाबातल्या नारंगवालच्या खेड्यांत काम केलेला, म्हणजे बाल्टिमोरच्या वर्गातही हिंदुस्थानातलं खेडं हजर होतंच.

१९७० साली आरोळे जामखेडला आले. नगर जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा कोरडा कोपरा, पाऊस बेभरवशाचा. गावकऱ्यांना लसीकरणाची घाई नव्हती. त्यांना हवं होतं पाणी आणि पोरांच्या पोटाला अन्न. आरोळ्यांनी सुरुवात तिथून केली. विंधनविहिरी घेतल्या, मुलांसाठी जेवण शिजवायला गावांनाच पुढे केलं. हातपंप मात्र दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. तहान लागली की सवर्ण बायकांनाही त्याच पंपावर यावं लागे. पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचा खेळ उपयोगी पडला. खेळ संपला की गप्पा, गप्पांतून शेतीचे प्रश्न, आणि त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.

आरोळ्यांचा पहिला बेत मात्र फसला. शिकलेल्या परिचारिकांना गावोगाव ठेवायचं असं ठरलं होतं, पण बाहेरून आलेली तरुण परिचारिका खेड्यात टिकेना आणि गावही तिला आपलं मानेना. तेव्हा गावातलीच बाई निवडायची कल्पना पुढे आली. गावाने निवडलेल्या या बायांमध्ये अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, जातपात बाजूला ठेवून एका पंगतीला जेवत आणि शिकत. गर्भारपणी कमी खाल्लं तर बाळ लहान राहून बाळंतपण सोपं होतं, ही समजूत डॉक्टरच्या व्याख्यानाने जात नव्हती. चार बाळंतपणं झालेल्या शेजारणीने चुलीपाशी बसून सांगितल्यावर ती सुटू लागली. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला सासूला राजी करणं हेही तिलाच जमे.

१९७१ च्या सुमारास या भागात हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. शतक संपेपर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातल्या मोजक्या लोकाधारित प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, तेव्हा हा अनुभव जगापुढे होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याहून मोलाचा प्रसंग १९८८ चा. वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या लखलखत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि दूरचे. आणि आपण पणतीसारख्या, एका पणतीने दुसरी पेटवता येते. आनंदीबाईंच्या शंभर वर्षांनंतर मराठी बाई पुन्हा अमेरिकेत गेली होती, आणि या वेळी शिकवायला गेली होती.

नव्वदच्या दशकात जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि परदेशी विद्यापीठांचे विद्यार्थी तिथे येऊ लागले. सामूहिक आरोग्य आणि संस्कृती शिकायला आलेल्या या मुलांपुढे शिक्षक म्हणून बसते ती लुगड्यातली, कधी शाळेत न गेलेली आरोग्य कार्यकर्ती. ती मराठीत बोलते, दुभाषा इंग्रजी करतो. शिक्षणाची दिशा अशी उलटलेली महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि या राज्याने तिचा जितका अभिमान धरायला हवा तितका धरलेला नाही.

गडचिरोलीची गोष्ट याच धाग्याची. अभय आणि राणी बंग १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सहून परतले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलवर संशोधन केलं. ते नावाजलं गेलं, पण गोंड माणसांना तो आपला तातडीचा प्रश्न वाटत नव्हता. मग त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा, याचंही उत्तर लोकांनीच दिलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा हवी, आणि देवी दंतेश्वरीचं नाव हवं. शोधग्राम या ‘सर्च’च्या वसाहतीतला दवाखाना म्हणूनच झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला गेला. त्याच भूमीत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या गावातल्या बाया तयार झाल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये तो छापला आणि २०११ पासून सरकारने तो देशभरच्या ‘आशां’कडे, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांकडे सोपवला.

या आशा शहरांतही काम करतात. आज नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यांमागच्या अशोकनगर, श्रमिकनगरसारख्या वस्त्यांत खानदेश, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं राहतात. बाळंतिणीची आई, मावशी गावाकडे राहिलेली असते. नवजात बाळांच्या घरभेटींच्या या सरकारी कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला आशेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं, वजन करायचं, ताप पाहायचा, दूध ओढतं का ते विचारायचं. भेटींचं हे वेळापत्रक देशाने उचललं. जामखेडचा दर आठवड्याचा वर्ग मात्र उचलला नाही. तिथे बाया वर्षानुवर्षं परत येऊन शिकत राहिल्या. आशेला मात्र सुरुवातीचं काही दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, आणि त्यानंतरच्या बैठकांत बराच वेळ नोंदवह्या खातात. मोबदल्याचा काही भागही कामागणिक. दर आठवड्याला एक दिवस निव्वळ शिकण्यासाठी, आणि त्या दिवसाची मजुरी, एवढी मागणी सातपूरच्या आशेने केली तर ती जामखेडात पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालेलीच गोष्ट मागत असेल.