पायाकडून हाताकडे : राइड सिंबलचा ठेका

१९३०च्या दशकात जॅझच्या ड्रमवादकाचे पहिले कर्तव्य ठरलेले असे : उजव्या पायाने बास ड्रमवर प्रत्येक मात्रा ठोकणे. नाचणाऱ्यांची पावले त्याच ठोक्यावर पडत. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात जो जोन्सने लयीचा भार हाय-हॅटवर नेला. पुढचे धाडस पिट्सबर्गच्या केनी क्लार्कचे.

द्रुत लयीत पाय थकतो, या साध्या अडचणीतून त्याने लय उजव्या हाताला, राइड सिंबल या मोठ्या झांजेवर सोपवली. ठेका चार मात्रांचा. पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर एकेकच आघात. दुसऱ्या व चौथ्या मात्रेचे तीन समान भाग कल्पावेत. पहिल्या आणि तिसऱ्या भागावर आघात, मधला मोकळा. सारा झोका त्या रिकाम्या जागेत आहे, आणि नवशिके नेमकी तीच बुजवतात! डावा पाय दुसऱ्या-चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटतो.

मोकळ्या झालेल्या बास ड्रमवर क्लार्क अनपेक्षित आघात टाकू लागला. वाद्यवृंदप्रमुख टेडी हिलला ते रुचेना. त्याने क्लार्कला काढून टाकले. पुढे हार्लेममधील ‘मिंटन्स प्लेहाउस’ची व्यवस्था हिलकडे आली, तेव्हा तेथील वादकसंच उभारायला त्याने बोलावले ते क्लार्कलाच. पियानोवर थेलोनियस मंक असे, डिझी गिलेस्पी ट्रम्पेट घेऊन येई. बीबॉप आकाराला आला तो अशा रात्रींतून.